मिलीलिटरचा हिशेब



मी जलसंसाधन खात्यातला डिप्लोमा इंजिनिअर. लाखो लिटर पाणी मोजणारा. पण भाचीच्या आठ दिवसांच्या बाळाचे हृदयाचे ऑपरेशन झाले, तेव्हा मिलीलिटरची किंमत कळली.

ऑपरेशन चांगले झाले. दुसऱ्या दिवशी मात्र लघवी कमी झाली. डॉक्टरांनी समजावले : हार्ट-लंग मशीनवर असताना आणि नंतर हृदय थकलेले असताना मूत्रपिंडांना रक्त कमी पडू शकते, नवजात बाळाची मूत्रपिंडे तर मुळातच कोवळी. ३ किलोच्या बाळाला तासाला निदान ३ मिलीलिटर लघवी व्हायला हवी. रक्तातले क्रिएटिनिन उशिरा वाढते, म्हणून नर्सताई दर तासाला मोजत होत्या. शेवटी पोटात बारीक नळी घालून डायलिसिस केले. चौथ्या दिवशी लघवी सुटली आणि भाचीला रडू फुटले.

बाळ आता ७ वर्षांचे आहे. ‘बरा झाला’ म्हणून आम्ही फाइल माळ्यावर टाकली, तीन वर्षे तपासणी केली नाही. ही आमची चूक. तुम्ही करू नका. अशा मुलांचा रक्तदाब आणि लघवी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्या. पेनकिलर विचारल्याशिवाय देऊ नका. नव्या डॉक्टरांना जुनी फाइल दाखवा.

गणपती बाप्पा मोरया!