२६ नोव्हेंबरची कारणमीमांसा

२००८ सालच्या नोव्हेंबरच्या २६ तारखेस कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत जो संहार मांडला आणि ज्यात १६६ जणांनी प्राण गमावले, त्याची कारणमीमांसा करताना कोणी सर्व दोष सीमेपलीकडील लष्कर-ए-तय्यबाच्या कटास दिला, तर कोणी किनाऱ्यावरील शैथिल्य, पोलिसांच्या हातची जुनाट शस्त्रे आणि दप्तरात पडून राहिलेल्या गुप्त वार्ता यांचा जाब मागितला. ही मते परस्परविरोधी नव्हेत. चोराचा गुन्हा शाबीत झाला म्हणून कडी न लावणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलीस यंत्रणेतील उणिवांवर बोट ठेवले, संसदेने डिसेंबरातच राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा संमत केला आणि दिल्लीहून कमांडो पोहोचण्यास लागलेला विलंब ध्यानी घेऊन २००९ मध्ये त्यांचे ठाणे मुंबईतही उघडण्यात आले. युद्ध पुकारावे, अशीही मागणी झाली. आवेशाला तेव्हा तोटा नव्हता. परंतु जिवंत हाती लागलेल्या एकमेव हल्लेखोरास वकील देऊन, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिलाची मुभा देऊन, मगच २०१२ साली येरवड्यास फाशी देण्यात आली, हे उत्तर मला अधिक प्रगल्भ वाटते.