शिबिरातली मैत्रीण सासरी कुठे हरवते?



१९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. तरुणांनी दुसऱ्या प्रांतात जावं, तिथली भाषा शिकावी, माणसं जोडावीत. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांसोबत ११६ जण कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले, ते 'भारत जोडो' याच वाटेवरचं.

पण मुलींना ही वाट मोकळी आहे का? आंतरराज्य शिबिराचा फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात, घरच्यांची समजूत काढायला महिना. 'सोबत कोण? राहणार कुणाकडे?' भावाला हे कुणी विचारत नाही.

राधानगरीकडची एक मुलगी ओडिशात पंधरा दिवस एका घरी राहिली. तिथं जूनमध्ये रजपर्व असतं. धरणीमातेला पाळी आली म्हणून तीन दिवस नांगर धरत नाहीत, मुली नवे कपडे घालून झोके घेतात. आणि त्याच घरातल्या मुलीला पाळीत देवघर बंद! दोघी यावर रात्रभर मोडक्या हिंदीत बोलल्या. परतल्यावर हिनं बचत गटात तोच विषय काढला. आमच्या दहा व्याख्यानांनी जे झालं नसतं, ते त्या दिवशी झालं. बायका बोलत्या झाल्या.

वर्षात तिचं लग्न झालं. सासरी सिमकार्ड बदललं. मुलांच्या शिबिरातल्या दोस्त्या वीस-वीस वर्षं टिकतात, कारण त्यांचं नाव-गाव बदलत नाही. म्हणून शिबिराच्या खर्चात परतभेटीचं भाडं धराच, असं माझं आयोजकांना सांगणं आहे.

ओडिशाची मैत्रीण आमच्याच ऑफिसात फोन करते. तिचं पत्रही आलंय. पुढच्या आठवड्यात आमची कार्यकर्ती ते घेऊन हिच्या सासरी जाणार आहे.