परदेशातील निवारा आणि आपले कर्तव्य



1917 साली परदेशातून उच्च विद्या संपादून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या डझनभर माणसांनी त्यांना बाहेर काढले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना बागेत बसून राहावे लागले. ज्या लेखनात त्यांनी ही हकीकत नोंदविली, त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.

व्हिसा हा शब्द सांता क्लारातील आपल्या घराघरांत आज वेगळ्या अर्थाने नांदतो. बाबासाहेबांना जातीने अडविले, आपल्याला कागद अडवितो. दोहोंची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु रात्री छप्पर नसणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही.

एच-1बी वरील माणसाची नोकरी सुटली, की त्याला फार तर 60 दिवसांची सवलत असते. घरभाडे मात्र थांबत नाही. 1980 च्या कायद्यातील कलम 214 अन्वये सरकारी घर किंवा सेक्शन 8 चे भाडेसाहाय्य नागरिक, ग्रीनकार्डधारक, निर्वासित अशा ठरावीक वर्गांनाच मिळते. एच-1बी, एच-4 व विद्यार्थी व्हिसा त्यांत नाहीत. आपण वर्षानुवर्षे भरलेला कर तेथे कामी येत नाही. घरातील मूल येथे जन्मलेले असेल, तर मिश्र कुटुंबाला प्रमाणशीर साहाय्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. तथापि 2020-21 मध्ये असे साहाय्य घेणे ग्रीनकार्डाच्या आड येऊ शकत होते. नियम सरकारागणिक बदलतात. म्हणून अर्जापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

सर्वच दारे बंद नाहीत. कॅलिफोर्नियात घरमालकाला भाडेकरूची इमिग्रेशन स्थिती विचारता येत नाही. ती उघड करण्याची धमकी देऊन घर खाली करविणेही 2018 पासून बेकायदेशीर आहे.

सर्वांत बिकट अवस्था एच-4 वर आलेल्या, घरी मार खाणाऱ्या भगिनीची. व्हिसा पतीचा, भाडेकरार पतीचा. "येथून निघाले तर जाऊ कुठे?" या प्रश्नापाशी ती थांबते. तिने हे जाणावे की, 1991 साली स्थापन झालेली 'मैत्री' ही संस्था याच परिसरात दक्षिण आशियाई पीडितांसाठी काम करते.

बंधूंनो, आपल्या वस्तीत पाहुण्याला कधी कागद विचारला गेला नाही. जयंतीला आपण शेकडोंनी जमतो. त्याच उत्साहाने संकटातील कुटुंबासाठी एक खोली, एक महिन्याचे भाडे आणि एक वकील यांची सोय आपण करू शकलो, तर या सोहळ्याचे सार्थक होईल. मदत मागणाऱ्याने लाजू नये, आणि देणाऱ्याने वाच्यता करू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!