माहेरची वाट आणि एआरटीची गोळी

गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावर पाजताना आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होऊ शकते. काहीच उपचार न झाल्यास अशा मातांच्या शंभर बाळांपैकी सुमारे १५ ते ४५ बाळांना ती होते, आणि उपचार वेळेवर सुरू होऊन अखंड चालल्यास अंगावर पाजणाऱ्या मातांमध्येही हे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली आणता येते.

झिडोव्हुडिन या औषधाने ही लागण रोखता येते, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. परंतु गर्भारपणापासून आठवडेच्या आठवडे चालणारा तो महागडा उपचार गरीब देशांच्या आवाक्यात नव्हता. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासात नेव्हिरॅपिन या दुसऱ्या औषधाचा एक डोस आईला प्रसूतिकळा सुरू झाल्यावर आणि एक बाळाला जन्मानंतर दिल्याने लागण जवळजवळ निम्म्यावर आली, तेव्हा गरिबांसाठीही उपाय आहे हे दिसले. पुढचा धडा पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातही गिरवला गेला. इथिओपिया, युगांडा आणि भारत येथील अभ्यासांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित निष्कर्षांनुसार, बाळाला सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन दिल्यास सहाव्या आठवड्यापर्यंत लागण स्पष्टपणे घटत होती, पण सहा महिन्यांपर्यंत तो लाभ ओसरत होता. म्हणजे जोवर दूध चालू आहे तोवर संरक्षणही चालू हवे. दरम्यान मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला होता. मलावीने २०११ मध्ये प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आजन्म उपचार देण्याचे धोरण स्वीकारले आणि १ जानेवारी २०१४ पासून भारतानेही तेच धरले. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे विषाणूची वाढ रोखणाऱ्या औषधांच्या केंद्रात, या गोळ्या मोफत मिळतात.

तरीही विदर्भातील सेलूसारख्या तालुक्यात खरी कसोटी गोळीची नसून वाटेची आहे. तेथे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सासरच्या उपकेंद्रात नाव नोंदवून तपासणी झालेली सून सातव्या महिन्यानंतर दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात जाते, आणि तिची नोंद सासरीच राहते. माहेरी आईलाही आजाराचे नाव सांगितलेले नसेल, तर रोज ठरल्या वेळी गोळी घेणे हेच संशयाला आमंत्रण ठरते. नेमक्या त्या आठवड्यांत औषध खंडित झाले की विषाणू वाढतो आणि बाळाचा धोकाही वाढतो. म्हणून निघण्यापूर्वीच पुरेशा गोळ्या व माहेरच्या जवळच्या केंद्राचे पत्र हातात असणे आणि प्रसूती कोठे होणार हे पक्के ठरलेले असणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

दुधाचा प्रश्न याहून नाजूक आहे. एके काळी अशा मातांना वरचे दूध द्यायला सांगत; परंतु स्वच्छ पाणी आणि पुरेशी पावडर नसलेल्या घरात जुलाबाने बाळे दगावतात, शिवाय अंगावर न पाजणारी बाई गावाच्या नजरेत लगेच भरते. २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या संरक्षणाखाली स्तनपान करण्यास मान्यता दिली, हा निर्णय गरीब आईची परिस्थिती ओळखून घेतलेला होता. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे; त्या काळात वरचे दूध मिसळणे मात्र घातक, कारण त्याने आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होऊन विषाणूला वाट मिळू शकते.

गुप्ततेबाबत कायदा आता स्पष्ट आहे: १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या अधिनियमानुसार, कायद्याने दिलेले मोजके अपवाद वगळता, संमतीवाचून कोणाचीही बाधा उघड करता येत नाही. पण घरोघरी जाणारी आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, त्याच गावची, कधी त्याच भावकीतली असते. तिच्यावर विश्वास बसेल असे प्रशिक्षण आणि त्या कामाचा योग्य मोबदला तिला मिळाला नाही, तर कायदा कागदावरच राहतो.

बाळाची तपासणी तर अजून पुढेच असते. आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीची चाचणी त्याआधी फसवी ठरते. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेल्या रक्ताचे थेंब विशेष कागदावर वाळवून त्यांत थेट विषाणू शोधतात, आणि निकाल चांगला आला तरी अठराव्या महिन्यात पुन्हा तपासतात. तोवर आई सासरी परतलेली असते, बाळ चालू लागलेले असते आणि घरात कापसाच्या वेचणीची घाई असू शकते. त्या दिवसांत अठराव्या महिन्याची ती तारीख लक्षात ठेवून दारापर्यंत जाणारे माणूस हवे.