सूर्याचें घर: अपंगांच्या उद्योगाची एक हकीकत
(महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं वक्त्यानें गतकालाचें गुणगान करावें, अशी रीत आहे. तें काम येथील वडीलधारी मंडळी माझ्याहून सरस करतील. म्हणून एका निराळ्याच विषयाकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. ज्याचे पाय चालत नाहींत, ज्याचा एक हात निकामी झाला आहे, ज्यास ऐकूं येत नाहीं, अशा मनुष्याचें आपण काय देणें लागतों? "त्यास मदत करावी," असें उत्तर आपण सहज देऊं. परंतु मदत कशास म्हणावें, हाच खरा प्रश्न आहे. त्याचा उलगडा व्हावा म्हणून जपान देशांतील एका वैद्याची व एका कारखानदाराची हकीकत सांगतों.

जपानच्या क्यूशू बेटावर बेप्पू नांवाचें शहर आहे. उष्णोदकाच्या झऱ्यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. तेथें १९२७ सालीं युताका नाकामुरा यांचा जन्म झाला. ते अस्थिरोगांचे शल्यवैद्य झाले व १९६० सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालय पाहावयास गेले. नाझी राजवटीच्या छळामुळें १९३९ सालीं जर्मनी सोडून आलेले ज्यू वैद्य डॉ. लुडविग गुटमन तेथें पाठीचा कणा दुखावलेल्या रुग्णांवर उपचार करीत असत. १९४८ सालीं त्यांनीं चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. त्याच बीजाचा आज पॅरालिम्पिक क्रीडांच्या रूपानें वृक्ष झाला आहे. रुग्णाचा प्राण वाचला म्हणजे वैद्याचें काम संपलें, असें गुटमन मानीत नसत. तो आपल्या घरीं व आपल्या कामावर परतला, म्हणजे तें संपलें. जपानांत जे रुग्ण वर्षानुवर्षें खाटेवर पडून राहिले असते, त्यांच्यासारखेच रुग्ण येथें कांहीं महिन्यांत कामाला लागतात, हें नाकामुरांनीं प्रत्यक्ष पाहिलें.

१९६४ सालीं पॅरालिम्पिक क्रीडा टोकियो येथें झाल्या. नाकामुरा हे जपानी संघाचे प्रमुख होते. परदेशांतून आलेल्या खेळाडूंपैकीं पुष्कळांस स्वतःची नोकरी होती, संसार होता. त्यांच्या चेहऱ्यावर स्वावलंबनाचें तेज दिसत होतें. उलट जपानी खेळाडू बहुतेक सर्व रुग्णालयांतून व शुश्रूषागृहांतून आणलेले. खेळ संपतांच त्यांस पुन्हां त्याच खाटेकडे परतावयाचें होतें. दोघांचें शारीरिक व्यंग एकच. मग हा भेद कशानें पडला? एकास काम होतें, दुसऱ्यास नव्हतें, एवढेंच त्याचें कारण.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९६५ सालीं, नाकामुरांनीं बेप्पू येथें एक संस्था स्थापन केली. कादंबरीकार त्सुतोमु मिझुकामी यांचें त्यांस साह्य होतें. संस्थेचें नांव "तैयो नो इए", म्हणजे सूर्याचें घर. तिचें ब्रीद असें कीं, दया नको, संधि द्या. आरंभीं तेथें बांबूच्या वस्तु, लांकूडकाम, शिवणकाम असे उद्योग चालत. परंतु अशा कामांत प्राप्ति थोडी. ज्या नव्या विद्येनें सारा जपान वर येत होता, त्या विद्युत्-यंत्रांच्या कामांत अपंगांचा शिरकाव झाल्यावांचून त्यांचें पोट भरणार नाहीं, हें ओळखून नाकामुरा एकामागून एक कंपन्यांचे दरवाजे ठोठावूं लागले. बहुतेकांनीं नकार दिला. होकार दिला तो काझुमा तातेइशी यांनीं.

तातेइशी यांचा जन्म १९०० सालचा. १९३३ सालीं त्यांनीं ओसाका येथें लहानसा कारखाना काढला. तीच आजची ओमरॉन कंपनी. मनुष्याचें कष्टाचें काम यंत्राकडे सोंपविण्याची विद्या हा तिचा व्यवसाय. १९६७ सालीं किता-सेनरी या रेल्वे स्थानकावर तिकिटें तपासणारीं स्वयंचलित द्वारें याच कंपनीनें बसविलीं. येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत घ्या. ज्याच्या यंत्रांनीं फाटकावरचा मनुष्य दूर केला, त्यानेंच ज्यांस कोणी कामावर घेईना अशा मनुष्यांसाठीं कारखाना उघडला. यांत विसंगति नाहीं. यंत्रानें यंत्राचें काम करावें आणि मनुष्यास बुद्धीचें व निर्मितीचें काम करावयास मोकळें ठेवावें, हें तातेइशी यांचें तत्त्व होतें. मग ज्याची बुद्धि शाबूत आहे, त्याचे पाय लुळे पडले म्हणून त्यास वगळण्याचें कारण काय?

१९७२ सालीं बेप्पू येथें "ओमरॉन तैयो" हा कारखाना दोहोंच्या सहकार्यानें सुरू झाला. तेथें विद्युत्-उपकरणांचे सुटे भाग तयार होतात. धर्मादाय म्हणून कोणी ते विकत घेत नाहीं. माल खोटा निघाला तर गिऱ्हाईक तो परत करील, मग तो कोणीही केलेला असो. हीच त्या योजनेची कसोटी होती, व तींतच तिचा मान होता. तेथील रीत अशी कीं, मनुष्यास कामाच्या मापानें कापावयाचें नाहीं, तर कामच मनुष्याच्या मापानें बेतावयाचें. टेबलाची उंची चाकांच्या खुर्चीस जुळवावी. एका हाताच्या कामगारासाठीं वस्तु घट्ट धरून ठेवणारें साधन बसवावें. ज्यास ऐकूं येत नाहीं त्यास घंटेऐवजीं दिव्यानें खूण करावी. अशा युक्त्यांना बहुधा पैशापेक्षां विचार अधिक लागतो.

उदाहरण समोर आल्यावर इतरांस धीर आला. १९७८ सालीं सोनी, १९८१ सालीं होंडा व १९८३ सालीं मित्सुबिशी या कंपन्यांनीं सूर्याच्या घराशीं भागी करून आपापले उद्योग काढले. त्यांतील शेवटच्यांत संगणकावरील काम चालूं झालें. खुर्चींतून न हलतां करतां येणारें हें काम पायांनीं अधू असलेल्यास विशेष सोयीचें. नाकामुरा १९८४ सालीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं निवर्तले. परंतु संस्था मागें राहिली.

कोणी म्हणेल, अपंगांस एके ठिकाणीं गोळा करणें म्हणजे त्यांस समाजापासून तोडणेंच नव्हे काय? ही शंका रास्त आहे. सूर्याच्या घरानें तिला कृतीनें उत्तर दिलें. त्याच्या आवारांत बँक व बाजारहाटाचें दुकान आहे. तेथें अपंग माणसें काम करतात आणि आसपासचे रहिवासी तेथेंच व्यवहार करावयास येतात. भिंत घालून जग बाहेर ठेवण्यापेक्षां दार उघडून तें आंत आणणें बरें.

आपल्या महाराष्ट्रासही हा धडा अगदींच परका नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ सालीं, म्हणजे ओमरॉन तैयो ज्या सालीं निघाली त्याच सालीं, त्यांनीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें पोहण्याच्या शर्यतींत भारताला पॅरालिम्पिकमधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. त्यांनीं पुण्याच्या टेल्को कारखान्यांत नोकरी केली. पदकाचा गौरव एका दिवसाचा. नोकरीचा मान रोज सकाळीं नव्यानें मिळतो.

२०११ च्या जनगणनेंत भारतांत २ कोटि ६८ लक्ष अपंगांची नोंद झाली. २०१६ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठीं शेंकडा ४ जागा राखून ठेवल्या. खाजगी धनिकांवर मात्र तशी सक्ति केली नाहीं. जपानांत ती १९७६ पासून खाजगी कंपन्यांवरही आहे, व २०२४ सालीं तिचें प्रमाण शेंकडा अडीच झालें. परंतु तातेइशी यांनीं कारखाना उघडला तो १९७२ सालीं. कायद्याची वाट पाहत ते थांबले नाहींत.

या सभेंत दुकानदार आहेत, छापखान्याचे व कारखान्याचे मालक आहेत, कचेऱ्यांतून माणसें नेमणारे अधिकारी आहेत. आपण दानपेटींत टाकतां तें टाकीत राहावें. आजाऱ्यास व वृद्धास त्याची गरज आहे. पण ज्यास काम करतां येतें त्याच्या हातावर नाणें ठेवून पुढें जाणें, ही त्याची परतफेड नव्हे. येत्या वर्षांत आपल्या कामांतील एक जागा निवडा. ती कोणतें अंग मागते व कोणतें मागत नाहीं, हें शांतपणें तपासा. मग त्या जागेसाठीं मनुष्य शोधतांना आपल्याच आळींतील, घरांत बसून राहिलेल्या त्या मुलाचें किंवा मुलीचें दार प्रथम ठोठावा. त्यास पूर्ण पगार द्या, आणि त्याच्याकडून पूर्ण कामाची अपेक्षाही करा.