चादरीवरचे पाहुणे

जुलैचा महिना, आंबोलीची रात्र. पावसाने घटकाभर उघडीप दिली आहे, आकाशात चंद्र नाही. घरामागच्या दोन झाडांना दोरी बांधून पांढरी चादर ताणलेली आहे आणि तिच्यासमोर मर्क्युरीचा दिवा लावला आहे. बघता बघता चादर भरते. तपकिरी, पोपटी, शेवाळी पतंग. काही तांदळाच्या दाण्याएवढे. नशीब जोरावर असेल, तर तळहातावर न मावणारा ॲटलास पतंगही येतो. त्याच्या पंखांच्या टोकांवर नागाचं तोंड रेखल्यासारखं दिसतं.

जगात पतंगांच्या दीड लाखाहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, फुलपाखरांच्या वीस हजारांच्या आत. तरी कौतुक होतं ते फुलपाखरांचं. ब्लू मॉर्मनला २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला. बहुतेक पतंगांना मात्र मराठीत साधं नावही नाही.

आता कॅमेरा जवळ नेऊ या. मॅक्रो लेन्सने कीटक सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो, पण त्या अंतरावर फोकस राहतो जेमतेम मिलिमीटरभर जागेत. डोळा स्पष्ट आला की मिशा पुसट होतात. मग छायाचित्रकार फोकसची रिंग फिरवत बसत नाही. श्वास रोखून स्वतःच केसभर पुढे-मागे होतो. फ्लॅशचा उजेड थेट पडला तर पंखांवरचे खवले पांढरेफटक पडतात, म्हणून फ्लॅशपुढे थर्माकोलचा पातळ तुकडा किंवा ट्रेसिंग पेपर लावतात. एवढं जमलं की ॲटलासच्या नराच्या मिशा दिसतात: पिसासारख्या, दोन्ही बाजूंना कंगव्याचे दाते. दूरवरच्या मादीचा गंध तो या मिशांनीच टिपतो.

जॉर्ज हॅम्पसनने १८९२ ते १८९६ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार खंड लिहिले, ते मुख्यतः टाचणीला लावलेल्या नमुन्यांवरून. आज ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर जिवंत पतंगांचे फोटो जमा होतात. पतंग बसतो कसा, पंख कसे मिटतो, हे त्यांतून कळतं. काही जाती फोटोवरून ठरत नाहीत, हे खरं. शिवाय ठिकाण आणि तारीख नसलेला देखणा फोटो अभ्यासाला फारसा उपयोगी नाही. आणि कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवून काढलेला फोटो तर काढूच नये.

कारण हा पाहुणा घाईत असतो. प्रौढ ॲटलासला खाता येईल असं तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दोन आठवडे जगतो, आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. आपल्या दिव्यापाशी गेलेली रात्र त्याच्या आयुष्यातून वजा होते. शिवाय उजाडताच बुलबुल आणि कोतवाल चादरीवर ताव मारायला हजर होतात.

तेव्हा श्रोतेहो, या पावसाळ्यात चादर जरूर लावा. फोटो झाले की दिवा बंद करा, आणि पहाटेच्या आत चादर जवळच्या झुडपांवर हलकेच झटका.