शाप नसलेला दुष्यंत

दिवाळी सरली, धानाची कापणी आटोपत आली, की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक होते. झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्री दहाला बसतो, तो पहाटेच उठतो. अशा प्रेक्षकाला इटलीतल्या एका संगीत नाटकाची गोष्ट सहज कळेल, असे मला वाटते.

जाकोमो पुच्चिनीचे ‘मादामा बटरफ्लाय’ हे ते नाटक. आपल्या संगीत नाटकात संवाद वेगळे, पदे वेगळी; तिकडच्या या ऑपेरात पात्रे जवळजवळ सारे गाऊनच बोलतात. १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानला पहिला प्रयोग झाला आणि साफ पडला. दुरुस्त्या करून २८ मे रोजी ब्रेशियाला पुन्हा केला, तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला.

अमेरिकन नौदलातला पिंकर्टन जपानमधल्या नागासाकीत घर घेतो. करार ९९९ वर्षांचा, पण दर महिन्याला मोडण्याची मुभा. लग्नही तो तसेच समजतो. पंधरा वर्षांची चो-चो-सान मात्र त्याच्यासाठी धर्म सोडते, नातलग तिला टाकतात. तो निघून जातो. मागे मुलगा होतो, तीन वर्षे जातात. लोक म्हणतात, नवऱ्याने टाकले म्हणजे काडीमोडच झाला. ती म्हणते, माझा देश आता अमेरिका. तिथला कायदा असे मानत नाही.

अखेर त्याचे जहाज बंदरात येते. फुलांनी घर सजवून, लग्नातला पोशाख घालून ती रात्रभर वाट पाहते. मूल झोपते, मोलकरीण झोपते. दुरून नुसती गुणगुण ऐकू येते, तिला शब्दच नाहीत. रात्र जागवणाऱ्या आपल्या माणसाला इथे भाषांतर लागणार नाही.

सकाळी कळते, तो अमेरिकन बायको घेऊन आला आहे आणि त्यांना मूल हवे आहे. ती मूल देते आणि वडिलांच्या खंजिराने जीव देते.

आपल्याला इथे शकुंतला आठवते. महाभारतातला दुष्यंत सारे आठवत असूनही लोकलाजेस्तव तिला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला आणि राजाचा दोष हलका केला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये हीच कथा ‘संगीत शाकुंतल’ म्हणून मराठी रंगभूमीवर आणली. पिंकर्टनला असा शाप नाही. दुरुस्ती करताना पुच्चिनीने त्याला पश्चात्तापाचे एक गाणे दिले. गाणे गोड आहे. पण ते गाऊन तो तिला तोंड न दाखवताच निघून जातो, आणि निरोप सांगायचे काम दुसऱ्यांवर पडते.

आपल्या नाटकांतही शेवटच्या अंकात नायक रडतो आणि आपण त्याला माफ करून टाकतो. यंदा मंडईत असे नाटक पाहाल, तेव्हा त्याच्या रडण्याने तिचे काय भरून आले, एवढे जरूर विचारा.